हात लावून बघ

कोल्हापूर
रविवार, सकाळ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. चार पानं, तीन कल्पना आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं चित्र. चित्र छान आहे. टाकी, पाइप, चाक, जनित्र, पंप, सगळ्यांना नावं दिलीस. मापं मात्र एकालाही दिली नाहीस. तुझे आजोबा असते तर त्यांनी कागद तसाच परत केला असता. आमच्या टूलरूममध्ये माप नसलेलं चित्र आलं की ते म्हणायचे, "ही रांगोळी घेऊन जा, दारात घाल." मी तेवढा कडक नाही. पण मापांवर आपण पुन्हा येणार आहोत, तेव्हा तयारीत राहा.

तू लिहिलंस, "काका, हसू नका." हसलो नाही. सरांनी वर्गात हसून कल्पना उडवून लावली आणि कारण सांगितलं नाही, हे वाचून थोडा राग आला. कल्पना चुकीची असली तर ती कुठे चुकते हे कळायचा तुझा हक्क आहे. "ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध आहे" हे उत्तर बरोबर आहे, पण ते पोटात जात नाही. मलाही गेलं नव्हतं.

आधी तुझं चित्र माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही ते तुला कळेल. गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं. वाटेत पाइपमध्ये छोटं चाक बसवायचं. चाकाला जनित्र. जनित्राच्या विजेवर तळघरातला पंप चालवायचा आणि तेच पाणी परत गच्चीवर. उरलेली वीज जिन्यातल्या दिव्यांना. बाणांचा गोल पूर्ण झालाय, आणि त्या गोलाच्या मधोमध तू लिहिलंस, "फुकट".

आता माझी गोष्ट. १९७९ साल, मी एकोणीस वर्षांचा, उद्यमनगरात एका छोट्या कारखान्यात शिकाऊ. भंगार बाजारातून ट्रकचे दोन जुने डायनॅमो आणले. एकाला वीज दिली की तो मोटरसारखा फिरतो आणि फिरवला की वीज देतो, हे नुकतंच कळलं होतं, आणि ते कळल्यावर माणसाला शांत झोप लागत नाही. दोघांमध्ये पट्टा टाकला. पहिला दुसऱ्याला फिरवणार, दुसरा वीज करून पहिल्याला देणार. सुरुवातीला बॅटरीने धक्का द्यायचा आणि मग बॅटरी काढून घ्यायची. एवढंच. रात्री सगळे गेल्यावर चालू केलं. बॅटरी होती तोवर मस्त घरघर. वायर काढली, पट्टा चार फेरे मारून थांबला.

मला वाटलं पुली चुकली. मोठी पुली लावली. मग लहान. मग दुसरा पट्टा, बेअरिंगला नवं ग्रीस, कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे ठोकळे) घासून बसवले. पंधरा दिवस हे चाललं. एकदा सहा फेरे झाले आणि मी पेढे आणायचाच बाकी होतो. खरं तर त्या दिवशी वायर काढायला हात उशिरा गेला होता.

आमचे मिस्त्री रोज सकाळी येऊन तो पसारा बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. पंधराव्या दिवशी रात्री थांबले. म्हणाले, "लाव." लावलं. बॅटरीवर पाच मिनिटं चालवलं, वायर काढली, थांबलं. ते म्हणाले, "आता हात लावून बघ." डायनॅमोचं अंग गरम. कार्बनच्या बाजूला तर हात ठेववत नव्हता. बेअरिंग कोमट. पट्ट्याची आतली बाजूसुद्धा कोमट. मग म्हणाले, "तुजी वीज कुटं गेली म्हणून हुडकतुयास न्हवं? ही बघ, हितं बसलीया." आणि टोपी घालून घरी गेले.

माझं शिक्षण म्हणशील तर ते एवढंच. पुढे पुस्तकात उष्णतागतिकी वाचली तेव्हा प्रत्येक पानावर मला तो कोमट पट्टा दिसायचा. कुठलंही यंत्र बघितलं की माझा हात अजून आपोआप त्याच्या अंगाकडे जातो (बंद करून, प्लग काढून, आणि हाताची मागची बाजू, हे तू विसरायचं नाहीस). यंत्रात शिरलेली ऊर्जा जिथे हवी तिथे पोचली नाही, तर ती कुठेतरी बसलेली असते, आणि बहुतेक वेळा जिथे बसलेली असते ती जागा गरम असते. तुमच्या घरी पंख्याचा जुना, डबडं असलेला रेग्युलेटर अजून असेल तर बघ. पंखा एकवर ठेवला की तो डबा तापतो. आत तारेची वेटोळी असतात. पंख्याला द्यायची नसलेली वीज ती खातात आणि गरम होतात. त्यामुळे पंखा हळू केला म्हणून बिल त्या मानाने उतरत नाही. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच वेगाला गारच राहतो. दोघांतला फरक तुला कुठलंही सूत्र न लिहिता हाताने कळेल.

तर तुझ्या पाइपातल्या चाकाकडे येऊ. मिस्त्रींनी "कुठे गेली" हे शिकवलं. "किती" हे मला तुझ्या आजोबांनी शिकवलं. तेव्हा आता त्यांच्या पद्धतीने.

एक किलो वजन एक मीटर उचलायला साधारण दहा ज्यूल लागतात. नेमके ९.८, पण तोंडी हिशेबाला दहा चालतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. ही दोन वाक्यं पाठ कर. बाकी सगळं यांतून निघतं. तुमच्या इमारतीत सोळा घरं, रोजचं पाणी दहा हजार लिटर धरू. दहा हजार लिटर म्हणजे दहा हजार किलो. तळघरापासून टाकीपर्यंत १५ मीटर. दहा हजार गुणिले पंधरा गुणिले दहा, म्हणजे पंधरा लाख ज्यूल. अर्ध्या युनिटाहूनही कमी! पंप आणि मोटर मिळून निम्म्याहून जास्त वाया घालवतात म्हणून मीटरवर एखादं युनिट पडतं. वर जाताना.

आता खाली येताना. सगळं पाणी तळघरापर्यंत येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं तीन मीटर उतरतं, तळमजल्याचं बारा. सरासरी साडेसात धर. म्हणजे साडेसात लाख ज्यूल, एक पंचमांश युनिट. एवढ्याशा चाकाने आणि जनित्राने त्यातलं निम्मं पकडलं तरी शाबासकी देईन. हाती आलं एक दशांश युनिट. पूर्ण इमारतीने दिवसभर अंघोळी, भांडी, धुणं केल्यावर जिन्यातला ९ वॅटचा एक बल्ब अकरा तास. आणि पंपाला हवं होतं अख्खं एक युनिट.

दिसलं का बाण कुठे तुटतो? चाक चांगलं नाही म्हणून नव्हे. चाक जगातलं सर्वोत्तम असतं तरी जितकं वर नेलं त्याहून जास्त खाली मिळणार नव्हतं, आणि तू तर वाटेत लोकांना अंघोळीही घालतेस. शिवाय चाकाने पाण्याचा जोर घेतला की तो नळाला उरत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू आधीच शॉवरची धार बारीक आहे म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडत असतील.

तुझी दुसरी कल्पना, स्पीडब्रेकरखाली दाबपट्टी, हिचाही असाच हिशेब. हजार किलोची गाडी दहा सेंटिमीटर खाली दबली तर हजार ज्यूल. तीन हजार सहाशे गाड्या गेल्या की एक युनिट, तेही काहीच वाया गेलं नाही तर. एक युनिट म्हणजे हजार वॅटची इस्त्री एक तास. आणि ते हजार ज्यूल आले कुठून? गाडी त्या खड्ड्यातून पुन्हा वर चढते तेव्हा तिच्या पेट्रोलमधून. म्हणजे लोकांच्या टाकीतून चमचा चमचा पेट्रोल काढून महागडी वीज करायची. तिसरी, स्कूटरवरची पवनचक्की, तीही हीच: तोंडावर येणारा वारा तुझ्याच ॲक्सिलरेटरने तयार केलेला असतो. तोच पंखा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर उभा कर. तिथला वारा तुझ्या खिशातून येत नाही.

इथपर्यंत वाचून तू हिरमुसली असशील तर उठून चहा करून घे आणि परत ये, कारण खरी गंमत पुढे आहे.

तू एकटी नाहीस. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यातल्या यंत्राध्यायात स्वतःहून फिरणारं चाक आहे: चाकाच्या पोकळ आऱ्या, त्यात अर्धवट भरलेला पारा, तोंडं बंद. पारा एका बाजूला टोकाकडे धावतो, दुसऱ्या बाजूला आसाकडे, म्हणून एक बाजू कायम जड आणि चाक कायम फिरतं, अशी कल्पना. ज्यांच्या लीलावतीने शेकडो वर्षं गणित शिकवलं, ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, त्या माणसाचं हे चाक. त्या काळी ऊर्जा मोजायची भाषाच नव्हती. ते चाक का फिरत नाही हे तू मात्र एका दुपारी बघू शकतेस. सायकलचं जुनं चाक खिळ्यावर टांग, तारांवर नट अडकव, एका बाजूला टोकाशी, दुसऱ्या बाजूला आसाजवळ. टोकाशी असलेल्या प्रत्येक नटाचा जोर जास्त खरा, पण ती जड बाजू एकदा खाली गेली की तिला परत वर ढकलणारं कुणी उरत नाही. चाक थोडं डुलतं आणि एका जागी गप बसतं.

ही कल्पना इतक्या लोकांना इतक्या वेळा सुचली की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली जाहीर करून टाकलं, अशा यंत्रांचे प्रस्ताव आम्ही यापुढे तपासणार नाही. आपल्याकडेही १९७० च्या पेटंट कायद्यात कशाला पेटंट मिळणार नाही त्याची यादी तिसऱ्या कलमात आहे, आणि निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणारा शोध त्या यादीत पहिल्याच क्रमांकाला बसवलाय. तू विचारलं होतंस ना, कल्पना कुणाला सांगितली तर चोरीला जाईल का? ही तरी जाणार नाही. तिचा चोर मला अजून भेटायचा आहे.

आता गंमत. तुझ्या चित्रात एकच बदल कर. पंप काढून टाक आणि त्या जागी सूर्य काढ.

खोपोलीला गेली असशील. घाटातून खाली येताना डोंगरावरून उतरणारे जाड पाइप दिसतात. वर लोणावळ्याच्या बाजूला तलाव, खाली टाटांचं वीजघर, १९१५ पासून मुंबईला वीज देणारं. उंचीचा फरक साधारण ५०० मीटर. तुमच्या इमारतीचं तेच दहा हजार लिटर पाणी तिथून सोडलं तर पाच कोटी ज्यूल, जवळजवळ चौदा युनिट. तुझ्या एक पंचमांशाशी ताडून बघ. पाणी तेच, चाक तत्त्वाने तेच, फरक उंचीचा. आणि ते पाणी वर कोण नेतं? अरबी समुद्रावर ऊन पडतं, वाफ होते, जूनमध्ये ढग सह्याद्रीला थडकतात. तो पंप इतका मोठा आहे की आपण त्याला पंप म्हणतच नाही. कोयनेचं पाणी तर मुळात पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वळवलं, कारण पडायला उंची तिकडे होती. पाणी कुठे जास्त आहे एवढंच बघितलं नाही, ते कुठे पडेल हे बघितलं.

आणि पंपासकट तुझं अख्खं चित्र, जसंच्या तसं, बांधलेलंसुद्धा आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर. वर एक तलाव, कड्याखाली दुसरा, मधे बोगदा आणि २५० मेगावॅटची यंत्रं. रात्री पाणी खालून वर चढवायचं, संध्याकाळी वरून खाली सोडून वीज करायची. तेच पाणी, गोल गोल. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला माझे दोन डायनॅमो आठवले आणि वाटलं, अरे, यांना कुणी हात लावून बघायला सांगितलं नाही का?

सांगितलं होतं. त्यांना पक्कं ठाऊक आहे की अशा प्रकल्पात चार युनिट घातली तर साधारण तीनच परत येतात. एक युनिट पाण्याच्या घर्षणात, यंत्रात, ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन बसतं. तरी बांधलं, कारण मध्यरात्री गिरण्या-कारखाने मंद असतात, वीज पडून असते; संध्याकाळी सातला घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागतात आणि वीज कमी पडते. नको तेव्हाची चार युनिटं देऊन हवी तेव्हाची तीन घ्यायची. शेतकरी सुगीत धान्य पेवात घालतो, थोडं किडणार हे धरूनच. आता सौरवीज वाढली तशी या पेवांची गरजही वाढत चालली आहे, कारण ऊन दुपारी आणि मागणी संध्याकाळी.

म्हणजे तुझं यंत्र खोटं नव्हतं. त्याच्या मधोमध लिहिलेला शब्द खोटा होता. "फुकट" खोडून "साठवण" लिहिलं असतंस तर तुझ्या सरांना हसता आलं नसतं.

पाइपातल्या चाकालाही जागा आहे, तेवढी सांगतो. चाळीस मजली इमारतीत वरच्या टाकीचं पाणी थेट तळमजल्याला सोडलं तर नळावर दर चौरस सेंटिमीटरला बारा किलोचा दाब येईल, तोट्या फुटतील. म्हणून मधे टाक्या करतात किंवा दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. तो व्हॉल्व्ह काय करतो? जोर खातो, तुमच्या जुन्या रेग्युलेटरसारखा. शहराच्या मोठ्या जलवाहिन्यांवरही उतारावर असेच व्हॉल्व्ह असतात. जिथे दाब मुद्दाम मारायचाच आहे तिथे व्हॉल्व्हच्या जागी चाक बसवलं तर कुणाच्या शॉवरमधून काही जात नाही. बऱ्याच ठिकाणी साधा पंपच उलटा फिरवून चाक म्हणून वापरतात, स्वस्त पडतो. दिवसाला एक कोटी लिटर पाणी ३० मीटरचा जोर मारून जात असेल तर किती युनिटं, हे तू काढ. मी काढलंय, पण सांगणार नाही. स्पीडब्रेकरचंही तसंच: गाडीला थांबवायचंच असेल तिथे तिचा वेग पकडणं योग्य. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरींनाच जनित्र करून वीज तारेत परत सोडतात. स्टेशन आलं की थांबायचंच असतं ना.

आता थोडं तुझ्या सवयींबद्दल. तू लिहिलंस, गॅरेजवाल्याला, वायरमनला "हे कसं चालतं" विचारलं की ते कंटाळतात. कंटाळणारच. तो प्रश्न फार मोठा आहे आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. त्याऐवजी विचार, "यात सगळ्यात आधी काय जातं?" बघ कसे बोलायला लागतात. हातातला पाना खाली ठेवतील. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचार. तो जारखालच्या रबरी कपलरकडे बोट दाखवेल. खोबऱ्याचा तुकडा अडकला की तो कपलर झिजतो, तुटतो. चाळीस-पन्नास रुपयांचा भाग. तो इतका कच्चा का केला असेल? तो तुटला नसता तर मोटर जळाली असती. कच्चेपणा तिथे मुद्दाम ठेवलाय. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तसाच. शिट्टीचं भोक भाताच्या शिताने बुजलं तर आतला कमी तापमानाला वितळणारा धातू आधी जातो, झाकण जात नाही. यंत्रात जिथे मुद्दाम कच्चं ठेवलंय तिथे करणाऱ्याने सगळ्यात जास्त डोकं चालवलेलं असतं. मी तर नवीन मशीन आली की आधी तेच शोधायचो.

कुकरवरून आठवलं. गार, रिकामा कुकर घे. शिट्टी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव. तिच्याखालच्या नळीच्या भोकाचा व्यास मोज. व्हर्नियर नसेल तर सुया, काड्या घालून बघ कुठली घट्ट बसते, आणि ती पट्टीवर मोज. आमच्याकडची शिट्टी ७० ग्रॅम आणि भोक तीन मिलिमीटर. क्षेत्रफळ निघतं सात चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.०७ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.०७ किलो वजन. भागाकार कर: दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच आणखी एक हवेचा दाब आत साचला की शिट्टी उचलली जाते, आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून डाळ लवकर शिजते. तुझ्या आईने वीस वर्षं जी शिट्टी मोजली तिच्यात हा भागाकार आहे. आईला दाखव. आमच्या हिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चणाडाळीला किती शिट्ट्या?" मला सांगता आलं नाही. दाब सांगता येतो, डाळ जुनी आहे की नवी हे शिट्टीला कळत नाही.

एक कडक सूचना, आणि यात चर्चा नाही. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज शिल्लक राहू शकतो. फ्रिजची नळी कापायची नाही. घरातल्या मेन बोर्डाला एकटीने हात लावायचा नाही. बाकी बंद पडलेला मिक्सर, पंखा, सायकल, शिवणयंत्र, घड्याळ, भावाची मोडकी खेळणी, सगळं तुझं. उघडताना प्रत्येक पायरीला फोटो काढ, आम्ही चित्रं काढायचो. स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेव. एक उरलाच तर फेकू नकोस, तो कुठला हे आठवडाभराने कळतं, बहुतेक वेळा खडखड करून.

वही कर. तीत कल्पना लिहायच्या, पण प्रत्येक कल्पनेखाली आकडा आलाच पाहिजे. चुकीचा चालेल. "खूप वीज मिळेल" चालणार नाही. "रोज दोन युनिट मिळतील" चालेल, कारण ते खोटं ठरवता येतं. माझ्या दोन डायनॅमोच्या पंधरा दिवसांत मी एकही आकडा लिहिला नव्हता, म्हणून पंधरा दिवस लागले. आणि मोजायच्या आधी अंदाज लिहायचा. मोजल्यावर लिहिलेला अंदाज हा अंदाज नसतो, ती पळवाट असते. मीही पुष्कळदा घेतली आहे.

या पत्राबरोबर एक जुनं प्रेशर गेज पाठवतोय, शून्य ते चार किलोचं. वॉशिंग मशीनच्या नळाला बसेल असा अडॅप्टर लावलाय. आट्यांवर टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हे धरून आधी वहीत लिही: तळमजल्याच्या नळाला किती यायला हवा, तुमच्या दुसऱ्या मजल्याला किती, तिसऱ्याला किती. टाकीतलं पाणी कुठवर आहे तेही गच्चीवर जाऊन बघून लिही. मग सकाळी अकराच्या सुमारास, कुणी पाणी वापरत नसताना, तिन्ही ठिकाणी काटा वाच. नंतर सकाळी सातला, सगळ्यांच्या अंघोळी चालू असताना, पुन्हा तिन्ही ठिकाणी. शेवटी गेज लावलेलं असतानाच शेजारचा नळ पूर्ण सोड आणि काटा किती पडतो ते बघ. जो पडला तो तुमच्या पाइपांनी, एल्बोंनी, वीस वर्षांच्या क्षारांनी खाल्लेला जोर. तिथे हात लावून काही गरम लागणार नाही. पाणी इतकं असतं की तापमान चढलेलं कळतच नाही. म्हणून तर गेज.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारल्याशिवाय त्यांच्या बाथरूममध्ये शिरू नकोस. त्यांच्या बारीक धारेचं कारण टाकी आहे की पाइप, हे तुझ्या या सहा आकड्यांतून निघेल. निघालं तर सोसायटीच्या मीटिंगला कागद घेऊन जा, मापांसकट.

गेजचा काटा नळावरून काढल्यावरही शून्यावर येत नाही, ०.१ वर थांबतो. कितीतरी वर्षांपासून तसाच आहे. प्रत्येक वाचनातून तेवढा वजा कर.

तुझा
काका